चारशे पंचेचाळीस नंबरचं दार

सौंदडला आमच्या घरी दोन संगणक आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. घरातल्या माणसांच्या मानाने यात विशेष काही नाही, म्हणून इतकी वर्षं मी ते मनावर घेतलं नव्हतं. यंदा घ्यावं लागलं.

माझे सासरे, बकाराम मामाजी, दंडारीचे, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याचे, गायक. जन्मभर सुपारी-तंबाखूचा खर्रा खाल्ला आणि जन्मभर माइकशिवाय शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवला. यंदाच्या उन्हाळ्यात नागपूरला डॉक्टरांनी त्यांचं स्वरयंत्र काढलं. तेव्हापासून ते आमच्या हॉलमध्ये खाटेवर बसून असतात. गळ्यातल्या भोकावर पांढरं फडकं. हवं-नको सगळं हाताने.

दिवाळीनंतर गावात मंडई भरते, म्हणजे जत्राच; तिथे त्यांना स्टेजवर बसवायचं आणि त्यांचीच जुनी गाणी स्पीकरवर लावायची, असं गावाने ठरवलं. गाणी मीच पूर्वी रेकॉर्ड केलेली. ती मागच्या खोलीतल्या जुन्या संगणकात, धानाच्या पोत्यांशेजारी. दुसरीकडे कुठेच नाहीत. त्या संगणकाची पेन ड्राइव्ह लावायची तोंडं विजेने जळालेली. सडक अर्जुनीच्या दुकानदाराने आधीच हात वर केले होते, "सर, खोलूंगा तो वापस चालू होने की गॅरंटी नहीं." उरला एकच मार्ग. घरच्या वायफायवरून ते फोल्डर हॉलमधल्या लॅपटॉपवर घ्यायचं.

लॅपटॉपचं म्हणणं पडलं की पलीकडचा संगणक दिसतो, पण उत्तर देत नाही. चारशे पंचेचाळीस नंबरचं पोर्ट बंद आहे.

"म्हणजे काय वो?" माझी बायको दामिनी म्हणाली.

"फायली ज्या दारातून जातात, ते दार बंद आहे."

"मंग उघडा ना. कायले बसून राहिले?"

"कोणी बंद केलं ते पाहून राहिलो."

"घरात चोर घुसला तरी तुम्ही आधी त्याच्यापाशी अर्ज मागान."

मामाजी हसले. हल्ली त्यांचं हसू फक्त खांद्यांवर दिसतं.

दार जुन्या संगणकाच्या राखणदाराने, फायरवॉलने, अडवलं होतं. मी फायरवॉलच बंद केली. फोल्डर कोणासाठी खुलं करायचं, असा प्रश्न आला. यादीत सगळ्यात वर 'एव्हरीवन' होतं. घरात आम्ही तिघं. एव्हरीवन म्हणजे आणखी कोण असणार? मी ते निवडलं.

लॅपटॉपवरून पहिलं गाणं लावलं आणि हॉल मामाजींच्या आवाजाने भरून गेला. ढोलकी, टाळ, आणि मागे झील धरणारे मंगरू आणि शालीकराम. मामाजींची ओळ संपली की हे दोघं तीच ओळ मागून उचलायचे. दोघंही आता हयात नाहीत. दामिनीने तोंड भिंतीकडे केलं. मामाजींनी बोट फिरवून खूण केली, पुन्हा लावा.

पुन्हा लावलं. ढोलकी आली, टाळ आले. मामाजींची ओळ यायची तिथे काहीच आलं नाही. एका ओळीएवढी नुसती ढोलकी वाजली. मग मंगरू आणि शालीकरामने ती ओळ उचलली. जी कोणी म्हटलीच नव्हती, ती.

"बिघडवलं ना," दामिनी म्हणाली. "हात लावलाच तुम्ही."

मी मागच्या खोलीत जाऊन मूळ फाईल ऐकली. तिथेही तेच. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. नुकसान झालेलं मला मान्य असतं. पण फाईल बिघडली तर सगळी बिघडते, खरखर येते. चार जणांतून एकाच माणसाला वेचून नेत नाही.

घाईने बाकीची गाणी लॅपटॉपवर घ्यायला गेलो, तर संदेश आला: ही फाईल दुसरं कोणीतरी वापरत आहे. मी लॅपटॉप बंद केला. आमचे दोघांचे मोबाईल बंद केले. मागच्या खोलीत संदेश तोच. थोड्या वेळाने फाईल मोकळी झाली. ऐकली. ढोलकी, रिकामी जागा, झील.

मग पुढची फाईल वापरात आली.

मी फायरवॉल पुन्हा चालू केली. दार बंद असल्याची खात्री केली; ते पक्कं बंद होतं. फायली एकामागून एक वापरात येत राहिल्या. मी राउटर भिंतीवरून उतरवला आणि मोबाईल चालू करून इंटरनेटवाल्यांना फोन लावला.

"सर, आपका नेटवर्क तो एकदम बढ़िया दिखा रहा है," पलीकडची मुलगी म्हणाली. "सब कनेक्टेड है."

राउटर माझ्या हातात होता. त्याची वायर खाली लोंबत होती.

बाहेरून मालगाडी गेली. पोत्यांतून नव्या धानाचा वास येत होता. मी प्रत्येक फाईल ऐकत गेलो, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. दर खेपेला झील आली की हॉलमध्ये खाटेच्या लाकडावर मामाजींचा तळवा पडे. ते ताल धरत होते.

एकच गाणं उरलं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला दामिनी बापाच्या जोडीने गायली होती, ते.

तीही फाईल वापरात आली.

मी संगणकाची पिन भिंतीतून उपटली. पंखा थांबला. पडदा काळा झाला.

दामिनी दारात आली. ओले हात पदराला पुसत होती. तिचे ओठ हलले.

"काय?" मी म्हणालो.

तिने कपाळाला आठी घातली. फोनवर नीट ऐकू गेलं नाही की घालते तशीच. ओठ पुन्हा हलले. मग तिचा हात सावकाश गळ्याकडे गेला.

माझ्या पाठीमागे, बंद संगणकाच्या स्पीकरमधून, दोन पुरुषांनी संथपणे, सुरात ओळ उचलली:

"वाचलं काय वो एखादं गाणं?"

हॉलमध्ये खाटेवर ताल पडला. त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली.