न गळणारी सात पानं

“मामा, आधी पुरावा, मग शिक्षा!” असं म्हणून वकील छाटलेल्या फांद्यांच्या ढिगावरच फतकल मारून बसली.

वकील म्हणजे बारा वर्षांची मुलगी. आजवर एकही वाद न हरल्यामुळे हे नाव तिला चिकटलं होतं. मावसभाऊ ढोल्या आणि धाकटी बहीण शेंडेफळ यांच्यासह ती सुट्टीत मामाच्या रोपवाटिकेत आली होती.

“ऊठ! करपा आहे तो, करपा!” मामा ओरडला. “वाळकी पानं लटकताहेत, दिसत नाही? हा रोग माझ्या दोन हजार रोपांवर गेला म्हणजे?”

रोगट फांदी दिसली की त्याच दिवशी छाटायची आणि जाळायची, हा मामाचा वीस वर्षांचा शिरस्ता होता. त्यात तो कुणाचं ऐकत नसे.

“कालच्या वाऱ्यात बाकीची वाळकी पानं गळली,” वकील म्हणाली. “मग ही सातच का नाही गळली?”

“चिकटली असतील!”

“कोणी चिकटवली?”

वकीलबाईंनी एक पान पुढे धरलं. देठ फांदीला बारीक तपकिरी धाग्यांनी गच्च गुंडाळलेला होता. “आणि हे जड आहे! वाळकं पान कधी जड लागतं का?”

“तुझ्याशी बोलून माझा घसा सुकला!” मामा खिसे चाचपू लागला. “काडेपेटी कुठे गेली?”

शेंडेफळ हात पाठीमागे घेऊन आभाळाकडे बघत होती.

तेवढ्यात वकीलच्या हातातलं पान हललं!

पानाचं एक टोक ओलं झालं. त्यातून काहीतरी लवदार, चुरगळलेलं बाहेर आलं, तिच्या बाहीवर चढलं आणि लटकून राहिलं. मग त्याचे इवलेसे पंख उलगडू लागले. किती वेळ गेला कोण जाणे! ढोल्याला भुकेचीही आठवण राहिली नाही. शेवटी ते पंख तिच्या दोन्ही तळव्यांहून मोठे झाले. विटकरी रंग, गुलाबी पट्टे, मधे काचेसारख्या चार खिडक्या आणि टोकाला चक्क सापाचं तोंड! वकीलला रडू येईलसं वाटलं.

“केवढं फुलपाखरू!” मामा कुजबुजला.

“फुलपाखरू नाही!” ढोल्याने पिशवीतलं कीटकांचं पुस्तक उघडलं. “मिशा बघा, पिसांसारख्या. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते. अंग जाड, लवदार, आणि बसलाय पंख पसरून. हा पतंग, ॲटलास पतंग!”

“खातो काय?”

“काहीच नाही. खायला तोंडच नसतं त्याला! जेमतेम आठवडाभर जगतो.”

मामाने ढिगाकडे पाहिलं. त्यात अजून पानांत गुंडाळलेले असे सहा कोष होते.

“आणि मी यांना जाळायला निघालो होतो,” तो हळूच म्हणाला. मग गुडघे टेकून त्याने सहाही पानं शोधली आणि कलमाच्या पट्टीने परत झाडाला बांधली. इतक्या हलक्या हाताने त्याने कधी कलमही बांधलं नसेल.

“वकीलबाई, जिंकलात!” तो म्हणाला. “वीस वर्षं झाडं बघतोय, पण तुम्ही पोरांनी आज मला बघायला शिकवलं.”

शेंडेफळने पाठीमागची मूठ पुढे करून उघडली. “मामा, काडेपेटी देऊ?”

“नको गं बाई. ते सहाही पतंग उडेपर्यंत तुझ्याकडेच राहू दे!”