निळ्या काठाचा कप

काल आल्या आल्या तुम्ही त्या निळ्या काठाच्या कपाला हात घातलात आणि मी अडवलं. वाईट वाटलं असेल, म्हणून सांगते.

आमच्या घराण्यात कुणी आजारी पडत नसे, फार तर हवापालटाला जात. सत्तावन्नच्या श्रावणात मीही लोणावळ्याला आमच्या बंगल्यावर अशीच गेले. सतरा वर्षांची होते. दीड महिना खोकला, संध्याकाळचा बारीक ताप. मोठ्या घरचं स्थळ चालून आलं होतं आणि डॉक्टर आले की पुण्यात गवगवा होणार, ही वडिलांना धास्ती. नातेवाइकांना सांगितलं, पोरगी मैत्रिणीकडे गेलीय.

बंगला कमळाबाई सांभाळायची. मागच्या उताराला तिचं भाताचं खाचर होतं. भातातलं तण काढायचे, बेणणीचे दिवस, त्यामुळे सकाळी गेली की ती संध्याकाळीच यायची. माझ्यासाठी तिने हा कप वेगळा काढला. "सायबांनी सांगितलंय, ताई," एवढंच म्हणाली. मला राग आला. चहा झाला की मी कप धुऊन माझ्या खोलीतल्या फळीवर उपडा ठेवायची.

तिथलं धुकं भर दुपारी घरात शिरतं. तिसऱ्या दिवशी दुपारी जाग आली तर कप सरळ. आतून ओला, निलगिरीचा वास. मीच विसरले असेन म्हणून पुन्हा उपडा ठेवला आणि मला ढास लागली. भिंतीपलीकडून कुणीतरी खोकलं. पलीकडच्या खोलीला तर कायमचं कुलूप. आवाज घुमला असेल, अशी मनाची समजूत घातली. थोड्या वेळाने पलीकडून पुन्हा खोकला आला... तेव्हा मी खोकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी रुमालावर रक्त दिसलं. दाराकडे धावले, तर कडी बाहेरून लावलेली. हाका मारल्या, पण त्या धुक्यात कोण ऐकणार? मी इथेच मरणार आणि घरचे सांगणार, मैत्रिणीकडे गेलीय. मला रडू फुटलं.

मग पलीकडचा खोकला पडवीत आला. अनवाणी पावलं. माझ्या दाराशी थांबली. कडी सावकाश सरकली...

बाहेर कुणी नव्हतं. नुसता निलगिरीचा वास.

मी धावत खाचर गाठलं. कमळाबाई चिखलातच थबकली.

"ताई, सकाळी सायबांचा सांगावा आला, म्हनून म्या कडी लावलीती. कुनी काढली?"

मी रुमाल पुढे केला. ती बांधावर चढून आली.

"हिराताईंचं असंच झालतं," ती हळूच म्हणाली. "सायबांच्या भनीचं. माझी सासू त्यांना चहा न्यायची, त्याच निळ्या काठाच्या कपातनं. दोन वरसं कोंडलीवती... कुनाला म्हाईत न्हाई."

हिराआत्या लहानपणीच देवी येऊन गेली, असं आम्हाला सांगत.

कमळाबाईने लुगड्याला हात पुसले आणि मला धरून बाजारातल्या डॉक्टरांकडे नेलं. कुणाची मुलगी, असं त्यांनी विचारल्यावर तिने वडिलांचं नाव दहा लोकांत मोठ्याने सांगितलं. आत्याच्या वेळी नसलेल्या क्षयावरच्या सुया तोवर निघाल्या होत्या. वर्षभरात मी बरी झाले. स्थळ मोडलं, त्याचं मला दुःख झालं नाही.

वडील भेटायला आले तेव्हा विचारलं, "आत्याच्या दाराला कडी कोण लावायचं?"

"मी," ते म्हणाले. "चौदा वर्षांचा होतो. बाबा सांगायचे..." त्याच दुपारी त्यांनी स्वतः दोन्ही दारांच्या कड्या उखडल्या. मला एवढं मोकळं वाटलं की मी त्यांच्या गळ्यात पडले.

लग्नानंतर कप माझ्याबरोबर आला. अजून उपडाच ठेवते. गेल्या साली एका सकाळी तो सरळ दिसला. लेकीला जरा कणकण होती, तशीच डॉक्टरांकडे नेली. "वेळेवर आणलंत," ते म्हणाले. मघाशी उड्या मारत गेली ना, तीच ही. आत्याची मला भीती वाटत नाही. घरावर तिचं लक्ष आहे, हे बरंच आहे.

आज सकाळी कप पुन्हा सरळ होता. लेकीला आणि ह्यांना दाखवून आणलं, स्वतःलाही तपासून घेतलं. आम्ही तिघंही ठणठणीत आहोत.

घरात आणखी आहात ते तुम्हीच. हा खोकला तुम्हाला किती दिवसांपासून आहे?