दुकानदाराची खुर्ची

एसटीच्या चौकशी खिडकीत माझी उभी हयात गेली. त्यामुळे वेळेवर आलेली गाडी सोडली तर कुठल्याच चमत्कारावर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

२००९ साली दासगावात शेजारच्या माहरुखचं लग्न ठरलं. तिचे अब्बा जहांगीर सौदीत, दम्मामला नोकरीला. सेठनं रजा नाकारली. एकुलती एक पोर, आणि बाप निकाहाला नाही! जहांगीरच्या आईनं, बदरुन्निसाबींनी, जेवणच सोडलं.

तेव्हा जहांगीरचा भाचा फुरकान पुढे सरसावला. "नानी, मामू तिथं बसून निकाह बघतील. घरच्या कॉम्प्युटरला कॅमेरा लावतो."

"मग अडलंय कुठं?"

"आपल्या इंटरनेटचा पत्ता सारखा बदलतो. मामूला घर सापडायचं नाय. म्हणून जर्मनीत एक सर्व्हर भाड्यानं घेतलाय. मामू त्याचं दार वाजवणार, तो आपल्याकडे पाठवणार."

बदरुन्निसाबींना हे लगेच कळलं. आमच्याकडे आखातातली पार्सलं महाडच्या एखाद्या दुकानाच्या पत्त्यावर उतरतात आणि तिथून टेम्पोनं गावात येतात. ज्याच्या दुकानी पार्सल उतरतं, त्याला लग्नाची पहिली दावत.

"म्हणजे तो आपला दुकानदार. दावत दिलीस त्याला?"

"नानी, तो माणूस नाय. दुसऱ्याच्या यंत्रातला भाड्याचा कप्पा हाय."

"कप्प्याला भूक नसते काय रे?"

त्या कॉम्प्युटरसमोर उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "शुक्रवारी निकाह हाय. जेवायला या." मी हसू दाबलं. शुक्रवारी पडवीत, माझ्या पंगतीसमोर, एक खुर्ची आणि वाढलेलं ताट तयार होतं. खुर्चीवर कुणी बसायचं नाही, अशी ताकीद.

काझींनी सुरुवात केली आणि वीज गेली. कॉम्प्युटरसाठी ठेवलेल्या इन्व्हर्टरला मंडपवाल्यानं सकाळच्या लोडशेडिंगमध्ये पंखे जोडून तो कधीच रिकामा केला होता. पडदा काळा, फुरकानचा चेहराही.

"गोमाजीकाका, मामू फोन उचलत नायत," तो रडवेला होऊन मला म्हणाला.

निकाह झाला. जेवणं झाली. निरोपाच्या वेळी माहरुख बापाला शोधल्यासारखी पडवीभर बघत राहिली, आणि त्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकून रडली.

वऱ्हाड गेल्यावर वीज आली. लगेच फोन वाजला. फुरकाननं भीतभीत स्पीकर लावला.

"फुरकान्या, वाघ हायस तू, वाघ! सगळं बघितलं! माझी पोर कबूल म्हणताना जरापण कापली नाय!"

"मामू, लाइट..."

"चित्र जरा खालून होतं, कुणी बसून बघावं तसं. आणि गोमाजीला विचार, तिसऱ्यांदा बिर्याणी घेताना चोरासारखा इकडंतिकडं काय बघत होतास?"

मंडपात हशा पिकला. पोरांनी फुरकानला खांद्यावर घेतलं. बदरुन्निसाबींनी लेकाचा आवाज ऐकत पहिला घास खाल्ला. मीही टाळ्या वाजवल्या.

कॅमेरा आतल्या खोलीत होता. मी जेवत होतो ती जागा तिथून दिसत नाही.

जहांगीरचा आवाज हळू झाला. "पोर जाताना माझ्याजवळ येऊन रडली रे. खांदा अजून ओला हाय."

खुर्चीसमोरचं ताट स्वच्छ होतं.

"मांजर," मी म्हणालो.

"मांजर हाडं कडेला रचून ठेवतं काय, गोमाजी?" बदरुन्निसाबींनी विचारलं.

फुरकाननं त्याच आठवड्यात सर्व्हर सोडला. कॅमेरा मित्राला देऊन टाकला. खुर्ची तेवढी पडवीतच राहिली. हलवायचं कुणी नावच काढलं नाही.

पुढच्या वर्षी माहरुखला मुलगी झाली. त्याच्या पुढच्या वर्षी ती माहेरी आली असताना पोरीनं पडवीत पहिलं पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. हात पसरून थेट खुर्चीकडे गेली आणि खदखदून हसली.

आम्ही टाळी वाजवायच्या आत दम्मामहून फोन आला.

"चालली! माझ्याकडंच आली ना?"

घरभर आनंद झाला. बदरुन्निसाबींनी साखर वाटली. मीही खाल्ली.

त्या घरी मी अजून जेवायला जातो. फक्त हल्ली तिसऱ्यांदा वाढून घेत नाही.