सालेमचाचांनी खाली ठेवलेली कॉफी

सांगतो. पण मला ही गोष्ट सांगायची नव्हती, हे आधी कानात घालून ठेवा. दोन दिवस "आबा सांगा, आबा सांगा" करून डोकं खाल्लंत. तुमच्या आईनंही तुमचीच री ओढली. म्हातारा घरात नुसता बसलाय, तर त्यानं भुतं तरी काढावीत! वेद, तो मोबाईल उलटा ठेव. स्वराली, पडदा ओढ. अजून पाच वाजले नाहीत आणि बाहेर डांबरासारखा अंधार. हा काय देश आहे?

आणि मधे मधे "एश्ट? एश्ट?", खरंच का, खरंच का, करायचं नाही. खरं आहे म्हणूनच सांगतोय.

गुरुदत्त म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, तुमचा दत्तूमामा. त्याचं घर इथंच जर्मनीत, गोडेसबर्गला. तिकडं आखातातली आजारी माणसं उपचाराला येतात, महिना-दोन महिने राहतात. दत्तू वरचा मजला अशांनाच देतो. सालेमचाचा त्यातलेच. रास अल खैमाचे, अमिराती. लागोपाठ तीन हिवाळे आले.

परवा तू काय म्हणालास, वेद? अमिराती म्हणजे महागाच्या गाड्या आणि उंच इमारती, बाकी काय आहे त्यांच्याकडं? तेव्हाच कानफटात द्यायची होती. मी शारजाला गॅरेजात पंधरा वर्षं काढली आणि मलाही तेवढंच माहीत होतं. आम्ही आमच्या खोलीत, ते त्यांच्या भिंतीआड. चावी घ्यायची, गाडी द्यायची, सलाम. अमिराती माणसाशेजारी पहिल्यांदा निवांत बसलो तो इथं जर्मनीत, दत्तूच्या हॉलमध्ये.

चाचा हिंदी बोलायचे, तीही मुंबईची. त्यांचे वडील मोती विकायला मुंबईला यायचे. त्यांच्या गावात तेव्हा रुपयाच चालायचा. तेल मागाहून आलं, शहाण्यांनो. त्याआधी ही माणसं नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून समुद्रात उतरायची. दम संपला की दोर हलवायचा. होडीतल्यानं ओढायचं. होडीतल्याचं लक्ष नसलं, तर खालचा गेला. "जिसके हाथ में रस्सी है ना बेटा, उसको नींद हराम," चाचा सांगायचे. आमच्या गॅरेजात कुणी कुणासाठी एवढा जागा राहिला नसता.

रोज संध्याकाळी ते खाली यायचे. गुडघे गेलेले, म्हणून सोफ्यावर बसायचे. त्यांनीच दिलेल्या बिनकानाच्या छोट्या कपात दत्तू वेलची घातलेली कॉफी ओतायचा. पुरे झालं की पाहुण्यानं कप हलवायचा. हलवला नाही तर ओतत राहायचं. एवढं दत्तू शिकला होता. आणि त्याला वाटलं, सगळंच आलं.

आता ऐका. दोन हजार चोवीस, डिसेंबरची एकवीस, शनिवार. वर्षातली सगळ्यात लांब रात्र. चाचा आठवडाभर दवाखान्यात होते. दत्तूची बायको अरुंधती आखनला मैत्रिणीकडं गेलेली. दत्तू रिकाम्या बाटल्या घेऊन कोपऱ्यावरच्या काच टाकायच्या डब्यांकडं गेला. हिरव्या हिरव्यात, पांढऱ्या पांढऱ्यात, इथली तऱ्हा. परत आला तेव्हा सव्वापाच झाले होते. दारात सालेमचाचा उभे.

अंगात नुसता पांढरा झगा. कोट नाही.

"अरे चाचा! छोड़ दिया अस्पताल ने? फोन तो करते!"

चाचा आत आले. सोफ्याकडं बघितलंही नाही. खाली गालिच्यावर बसले, मांडी घालून. गुडघे गेलेला माणूस...

दत्तूला वाटलं, औषध लागू पडलं.

त्यानं कॉफी केली. ओतली. हातात दिली. चाचांनी कप घेतला आणि पुढ्यात जमिनीवर ठेवला. प्यायले नाहीत. दत्तूकडं बघत बसले.

आता आपल्या घराण्याची खोड तुम्हाला ठाऊक आहे. पाहुण्याची पोळी संपायच्या आत ताटात दुसरी. आम्ही इचलकरंजीची माणसं, नको म्हणणाऱ्यानं ताटावर हात आडवा धरला तर त्या हातावर वाढतो. कॉफी निवतेय आणि दत्तू गप्प बसेल?

"पियो ना चाचा."

चाचा बघतायत.

"अरे पियो! शरम काहे की?"

बघतायत.

"मेरी कसम, पियो. अपना घर समझो."

तेव्हा चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सच?" एवढंच विचारलं.

"सच नहीं तो क्या! पियो."

एका घोटात प्यायले. कप हलवला. उठले. जमिनीला हात न टेकता. दार ओढून गेले.

त्या घराचा जिना लाकडी आहे, पाय पडला की करकरतो. दत्तू ऐकत राहिला. करकर नाही. वरचं दार नाही. काहीच नाही...

मग फोन वाजला. चाचांची मुलगी शम्सा, दवाखान्यातून. "पप्पा गुज़र गए," म्हणाली. दुपारीच.

दत्तूनं कपाकडं बघितलं. रिकामा होता.

त्यानं मला बोलावून घेतलं, मी गेलो. रविवारी सकाळी शम्सा आली, सोबत तिचा भाऊ हमद. दत्तूनं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता हमद ताडकन उठला आणि इंग्रजीत ओरडायला लागला. आमच्या बापाच्या नावावर गोष्टी रचता, लाज वाटत नाही? असं म्हणत होता, दत्तूनं मागाहून सांगितलं. मला इंग्रजी कळत नाही, पण राग कळायला भाषा लागत नाही. शम्सानं त्याला हातानंच बसवलं. ती शाळेत शिकवते तिकडं. चाचांमुळं दोघांनाही हिंदी येते.

"कप नीचे रखा था?"

"हाँ."

"भरा हुआ?"

"हाँ."

"और आपने बोला, पियो?"

"तीन-चार बार."

तिनं डोळे मिटले. मग सांगितलं. त्यांच्यात पाहुणा काही मागायला आला असेल, तर तो कॉफी पीत नाही. समोर ठेवतो. यजमान 'पी' म्हणाला की मागणं मंजूर. काय मागणं आहे ते ऐकायच्याही आधी. आणि मग माघार नाही.

"पण मागणं काय?" मी विचारलं.

बहीण-भाऊ एकमेकांकडं बघेनात.

"मौझा," शम्सा म्हणाली.

मौझा त्यांची धाकटी बहीण. हृदयाला भोक. पंचवीस वर्षांमागं चाचा तिला इथं ऑपरेशनला घेऊन आले, सहा वर्षांची पोर. इथंच गेली. त्यांच्यात माती द्यायला उशीर करत नाहीत, म्हणून इथंच पुरली. चाचा उपचाराचं निमित्त करून हिवाळेच्या हिवाळे इथं का काढत होते, ते आम्हाला तेव्हा कळलं. पण या देशात मेलेल्यालाही मुदत असते! मुदत भरली की रांगेतली जागा मोकळी करतात. पोरीच्या डोक्याशी नुसता दगड. नाव नाही, त्यांच्याकडं साधंच ठेवतात. त्या दगडावर लाल स्टिकर लागला होता, मुदत संपली म्हणून. बापानं तो बघितला आणि अंथरूण धरलं. पोरीला घरी न्यायचं, एवढंच त्याच्या डोक्यात.

सोमवारी संध्याकाळी चाचांची पेटी विमानतळाला निघणार होती. सोमवारी सकाळी दत्तूनं कब्रस्तानच्या ऑफिसात फोन केला. बाई बिचारी सभ्य होती. अर्ज, परवानग्या, काही महिने. ख्रिसमसनंतर बघू, म्हणाली.

"नहीं होगा," हमद म्हणाला. "छोड़ दो."

शम्सा दत्तूला म्हणाली, "ज़ुबान आपने दी है. मैं कैसे छोड़ूँ?"

दत्तूनं अन्न सोडलं होतं. त्याचं कारण सांगतो. रविवारी सव्वापाचला दार वाजलं होतं. दत्तूनं उघडलं. कोणी नाही. मागं वळलो, तर गालिच्यावर... खळगा. माणूस मांडी घालून बसल्याएवढा. मी या डोळ्यांनी बघितला.

"मामा," दत्तू म्हणाला, "चाचा दिलेला शब्द मागायला आलेत."

सोमवारी चारला तुमचे बाबा मला घरी न्यायला आले, नवी गाडी घेऊन. दत्तू म्हणाला, "मला कब्रस्तानात सोडा, मग मशिदीत. पेटी तिथूनच निघणार आहे." तुमचे बाबा मला बाजूला घेऊन म्हणतात, "आबा, आल्झो, म्हणजे असं बघा, त्याला डॉक्टरची गरज आहे. तुम्ही त्याला आणखी चढवू नका." मी चढवतोय! मी! पण न्यायला तयार झाले.

फाटकापाशी थांबलो. अंधारत होतं. दत्तू एकटा आत गेला. बऱ्याच वेळानं दिसला. हळू चालत होता. उजवा हात खाली, अंगापासून थोडा लांब. मूठ अर्धी मिटलेली... पोराचं बोट धरतात तशी.

गाडीचं मागचं दार उघडलं. थांबला. कोणीतरी आधी चढतंय, तसा. मग बसला.

"काय केलंस रे?"

"बोलावलं तिला. म्हटलं, चल बाळ. बाबा घरी निघालेत."

तुमच्या बाबांनी गाडी काढली.

टिंग. टिंग. टिंग.

समोर दिवा लागला. मागच्या मधल्या सीटचा पट्टा लावला नाही म्हणून. मधली सीट रिकामी.

"सेन्सर," तुमचे बाबा म्हणाले.

टिंग. टिंग.

दत्तूनं मधला पट्टा ओढला. रिकाम्या सीटवरून. लावला.

टिंग थांबलं.

मी वळून बघितलं. पट्टा सीटला टेकला नव्हता. पुढं आलेला. वीतभर. आणि... हलत होता. वर. खाली. श्वासासारखा.

तुमच्या बाबांनी आरशात बघितलं. बघितलं! त्यांच्या चेहऱ्यावर थेंबभर रक्त उरलं नव्हतं. मग आरसाच वर फिरवला, आणि मशीद येईपर्यंत तो तसाच ठेवला.

आवारात पेटीची गाडी उभी होती, मागून उघडी. दत्तू पेटीपर्यंत गेला. हात तसाच खाली. थांबला. त्याची बोटं एकेक करून सुटली. मी सोडली नाहीत, म्हणतो तो. सोडवून घेतली...

हमद बघत होता. चालत आला. दत्तूच्या नाकाला नाक लावलं. मान द्यायची त्यांची रीत ती. "मैंने ग़लत बोला था," म्हणाला. चार माणसांसमोर, बापाच्या पेटीपुढं.

त्यानंतर दत्तूचं दार वाजलं नाही.

जानेवारीत शम्सानं फोटो पाठवला. तिकडचं कब्रस्तान. वाळू, मागं समुद्र. चाचांची माती, डोक्याशी दगड. आणि तिला लागून दुसरी माती. लहान. सहा वर्षांच्या पोराएवढी लांब. खणणाऱ्यानं एकच कबर खणली होती. राखणदार म्हणतो, सकाळी आलो तेव्हा होती. शम्सानं फोटोखाली काही लिहिलं नव्हतं.

मी तो फोटो एका माणसाला दाखवला. त्यानं बघितला आणि मला परत दिला. गाडी वर्कशॉपला नेली होती त्यानं, सेन्सरमध्ये काही दोष निघाला नाही, तेही मला दत्तूकडून कळलं. आणि यंदा गणपतीत घरभर माणसं असताना हाच म्हणतो, आबांचं वय झालं, काहीही रचतात, दत्तूलाही त्यांनीच वेड लावलं. सगळे हसले. मी ताट ठेवून उठलो. परक्या देशातला, बाप गेलेला पोरगा एका दिवसात चूक मानतो, आणि हा अजून माझ्यासमोर बसून जेवतो. आत्ताही स्वयंपाकघरात उभा राहून ऐकतोय.

हो, तुम्हालाच म्हणतोय, शिरीषराव.