जांभळीचं वजन

दवाखान्याच्या बाकाशी त्या संध्याकाळी तीन पेशंट ताटकळत होते. कानाला पट्टी बांधलेला एक म्हातारा कुत्रा, टोपलीतून सारखी नाराजी कळवणारी एक मांजर, आणि या दोघांच्या मधोमध, चार चाकांवर उभी असलेली एक नवी कोरी जांभळी बॅग. बॅगेच्या मालकिणीने तिची दांडी घट्ट धरून ठेवली होती. सोडली तर तीही पळून जाईल, असंच कुणालाही वाटलं असतं.

ही मालकीण नाटकांचे कपडे शिवायची. राजांचे झगे, भुतांचे डगले, सैनिकांचे कोट. परदेशातल्या एका नाटकमंडळीने तिला वर्षभरासाठी बोलावलं होतं, नऊ दिवसांनी विमान होतं आणि विमानात ती जन्मात पहिल्यांदाच बसणार होती. विमान कंपनीने कळवलं होतं, बॅग तेवीस किलोपर्यंतच चालेल. तेव्हापासून तिला झोपेतसुद्धा तेवीसचा आकडा दिसत होता.

बॅग निवडण्यातच घरचे तीन रविवार खर्ची पडले होते. मामा आयुष्यात एकदाच विमानात बसला होता, पण त्या एका प्रवासावर घराण्यात त्याची अशी काही वट होती की विचारू नका. काळी घेऊ नकोस, सरकत्या पट्ट्यावर सगळ्यांच्या काळ्याच येतात. कापडी नको, फाटते. कडक नको, तडकते. दुकानदाराने अखेर हात टेकले आणि कुणीच घेत नसलेली जांभळी पुढे केली. मग ती भरली आणि बाबा तिला उचलून घरच्या वजनकाट्यावर उभे राहिले. आकडा बघायला ते वाकले की काटा हलायचा, बॅग पायावर यायची आणि दर वेळी नवंच वजन निघायचं. शेवटी आई म्हणाली, "अगं, समोर प्राण्यांच्या डॉक्टरकडे मोठा काटा आहे. तिथे जा."

"पुढचा पेशंट," आतून आवाज आला.

डॉक्टर तरुण होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, मनगटावर ताजा ओरखडा. त्याने बॅगेकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"काय होतंय हिला?"

"वजन..." ती चाचरली. "म्हणजे, फक्त वजन करायचंय. घरचा काटा नीट चालत नाही. गर्दी असेल तर नंतर येते."

"नाव?"

"माझं?"

"पेशंटचं. नावाशिवाय मी केसपेपर काढत नाही."

"बॅग आहे हो ती."

"जांभळी," त्याने स्वतःच लिहून टाकलं. "वय?"

"चार दिवस."

"चावते?"

"चेन अडकते कधीकधी," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिला हसू आलं.

काट्याने सत्तावीस किलो दोनशे दाखवले, आणि ते हसू तिथेच मावळलं.

"लठ्ठ आहे," डॉक्टर म्हणाला. "पथ्य पाळावं लागेल."

"नऊ दिवसांत होईल ना कमी?" तिने इतक्या कळकळीने विचारलं की त्याने थट्टा आवरती घेतली.

"फार घाबरलायत का तुम्ही?"

"हो." आणि मग ती बोलतच सुटली. विमान चुकेल, बॅग हरवेल, तिथली माणसं काय बोलतात ते कळणार नाही, पहिलाच झगा उसवेल आणि त्यांना वाटेल, उगाच बोलावलं हिला. तो टेबलाला टेकून ऐकत राहिला. मध्ये एकदाही त्याने 'काही होत नाही हो' असं म्हटलं नाही. एरवी सगळे तेच म्हणायचे.

"एकेक करून काढू," ती थांबल्यावर तो म्हणाला. "आधी हे चार किलो. उद्या या."

उद्याचं परवा झालं, परवाचं तेरवा. दवाखाना बंद व्हायच्या आधी, उजेड असतानाच, जांभळी खडखडत रस्ता ओलांडायची. डॉक्टर तपासणीच्या टेबलावर स्वच्छ चादर अंथरायचा आणि बॅग उघडायचा.

"हे काय?"

"गरम पाण्याची पिशवी. आईने टाकलीये."

"दोन?"

"एक फुटली तर."

"आणि हे पाच टॉवेल?"

"चार आईचे, एक मामाचा. मामा म्हणतो, विमानात थंडी वाजते."

"म्हणून टॉवेल गुंडाळून बसायचं?"

"तुम्हाला हसायला काय जातंय," ती म्हणाली, पण टॉवेल बाहेर आले. गरम पाण्याची एक पिशवी आली. एवढंच नाही, दररोज तिच्या मनातली एक भीतीही बाहेर यायची. तो विमानाने जाणाऱ्या कुत्र्यांच्या गोष्टी सांगायचा. भुंकून भुंकून घर डोक्यावर घेणारे कसे पिंजऱ्यात शिरताच मुकाट बसतात आणि तिकडे उतरले की दोन दिवसांत नव्या सोफ्यावर हक्क कसा सांगतात.

एकदा तिच्या आधी आलेल्या कुत्र्याला त्याने काट्यावर चढवलं. काट्याने बारा किलो नऊशे दाखवले, त्याने कागदावर बारा किलो पाचशे लिहिले. पाव इंचासाठी शिवण उसवणाऱ्या तिच्या डोळ्यांतून ते सुटलं नाही. पण डॉक्टर लोक असं ढोबळ लिहीत असतील, असं म्हणून तिने सोडून दिलं.

सहाव्या दिवशी काटा बरोबर तेवीसवर थांबला.

"झाली बरी," तो म्हणाला, आणि पेनाला टोपण लावायला त्याने जरा जास्तच वेळ घेतला.

बॅग ओढत ती घरी आली तेव्हा खरं तर तिने आनंदाने उड्या मारायला हव्या होत्या. त्याऐवजी ती जांभळीची चाकं पुसत बसली. उद्या दवाखान्यात जायला कारणच उरलं नव्हतं. रात्रीच्या जेवणात तिचं लक्ष नव्हतं. सकाळी कुणी बघत नाहीसं पाहून तिने शिवणकामाचं एक जाडजूड पुस्तक बॅगेत सरकवलं.

चोवीस किलो शंभर.

"आईने टाकलं असणार," ती म्हणाली. बिचारी आई.

आठव्या दिवशी पुस्तकाच्या जोडीला छोटी इस्त्री होती. डॉक्टरने केसपेपर समोर धरला. सहा दिवस आकडे गुणी मुलासारखे उतरत गेले होते आणि आता पुन्हा चढायला लागले होते.

"बरा झालेला पेशंट असा अचानक वाढायला लागला," तो सावकाश म्हणाला, "की आम्ही मालकाला विचारतो. घरी कोण लपून खाऊ घालतंय?"

तिचे कान तापले. "आई," ती म्हणाली.

"आई."

"हो..."

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात बाहेर मांजर किंचाळलं, कुणीतरी "डॉक्टर, धरा हिला" म्हणालं, आणि ते राहूनच गेलं.

तिला त्याच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं. ते न ऐकता विमानात बसलं तर वर्षभर तिकडे कशातच मन लागणार नाही, हे तिला पक्कं कळून चुकलं होतं. मग आपणच बोलावं? एका दिवसात राजाचा झगा उभा करणारी ही बाई, पण दोन शब्द जुळवणं तिला जमत नव्हतं. आणि त्याच्या मनात तसं काही नसलंच तर? तो सगळ्याच पेशंटशी असा हसतो. त्या म्हाताऱ्या कुत्र्याशीसुद्धा.

शेवटच्या दिवशी तिने पुस्तक आणि इस्त्री घरी काढून ठेवली. पण या खेपेला आईने खरोखरच एक लोकरी कोट कोंबला होता, आणि तो काढला तर आई रडली असती. काटा तेवीस किलो चारशेवर अडला. दोघांनी बॅग तळापर्यंत उपसली. काढण्यासारखं काहीच नव्हतं.

मग तिने डाव्या कप्प्यातून कात्री काढली. पहिल्या पगारातून घेतलेली, लोखंडी, जड. घरात या कात्रीने कुणी कागद कापायची छाती केली नव्हती.

"ही राहू दे," ती म्हणाली. "तिथे असतीलच कात्र्या."

"दुसऱ्या कात्रीने हात चालत नाही, म्हणाला होतात तुम्ही."

"चालवीन." तिने कात्री त्याच्यापुढे धरली. "तुम्ही सांभाळाल? घरी मामा कागद कापेल हिने."

"मी कुणाची नखंसुद्धा नाही कापणार," तो म्हणाला. पण या वेळी तो हसला नाही. त्याने कात्री दोन्ही हातांनी घेतली आणि टेबलाच्या खणात ठेवली. काटा तेवीसवर आला.

नेमका तेव्हाच मामाचा फोन आला. ती बाहेर व्हरांड्यात गेली. खिडकीची जागा माग, पंखावरची नको, कानात कापूस घाल. ती हो हो म्हणत राहिली. परत आली तेव्हा डॉक्टर बॅगेला कुलूप लावत होता. त्याने तिच्या हातात एक पाकीट दिलं.

"प्रवासाचा दाखला. विमानाने जाणाऱ्या प्रत्येक पेशंटला देतो."

ती वाट बघत राहिली. "बस?"

"बस," तो खाली बघत म्हणाला. "जमलं तर... नीट वाचा."

तिला त्यातलं फक्त 'बस' ऐकू आलं. प्रत्येक पेशंटला देतो! बाकावरच्या त्या मांजरालाही दिलं असतं. तिने आभार मानले, बॅग ओढली आणि रस्ता ओलांडेपर्यंत डोळ्यांतलं पाणी थोपवून धरलं. पाकीट न उघडताच पासपोर्टच्या फाइलमध्ये गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळाच्या दारात आईने तिला चार वेळा जवळ घेतलं, बाबांनी तिकीट आहे ना म्हणून पाच वेळा विचारलं. आत ती एकटी. रांग पुढे सरकत होती तशी ती फाइलमधले कागद पुन्हा पुन्हा मोजत होती. काउंटरवरच्या चष्मेवाल्या बाईंनी कागद मागितले आणि घाबरून तिने अख्खी फाइलच त्यांच्यापुढे रिकामी केली.

जांभळी पट्ट्यावर चढली. आकडा उमटला, तेवीस. तिने सुटकेचा श्वास सोडला.

"बॅग तुम्ही स्वतःच भरलीये?" बाईंनी एकेक कागद उलगडत विचारलं.

"हो."

"दुसऱ्या कुणी आत काही ठेवलं नाही ना?"

"नाही."

बाईंचा हात थांबला. त्यांनी चष्मा वर केला. "मग हे काय?" आणि त्या वाचू लागल्या, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात.

"पेशंट, जांभळी. वजन, तेवीस किलो. स्वभाव, मालकिणीसारखा. वरून कडक, आत काय काय ठासून भरलेलं. प्रवासास योग्य. शेरा... दवाखान्याचा काटा चारशे ग्रॅम जास्त दाखवतो. मला हे पहिल्यापासून माहीत होतं. सांगितलं असतं, तर पेशंट एक दिवस आधी बरी झाली असती, आणि तो एक दिवस मला सोडवत नव्हता. कात्री खणात नाही. तू फोनवर असताना डाव्या कप्प्यात ठेवली आहे, टॉवेलात गुंडाळून. तुझे हात तिच्याशिवाय चालत नाहीत..."

बाईंचा आवाज आपोआप खाली आला.

"...आणि माझं मन तुझ्याशिवाय. तोंडाने सांगायचं धैर्य झालं नाही, म्हणून दाखल्यावर लिहितोय. पुढची तपासणी तीन महिन्यांनी. डॉक्टर स्वतः तिकडे येतील. मालकिणीची परवानगी असेल तरच."

काउंटरची कड तिने दोन्ही हातांनी धरली होती. बारा किलो नऊशेचा तो कुत्रा तिला आठवला, कागदावरचे बारा किलो पाचशे आठवले. घाबरावं, रडावं की हसावं, काही ठरेना.

"मग? आहे का परवानगी?" मागून टोपीवाल्या आजोबांनी विचारलं.

"ते नंतर," बाई म्हणाल्या. "आधी बॅग उघडा."

कुलपाचे आकडे तिला तीनदा चुकले. विमान चुकेल, अडकवून ठेवतील, चौकशी होईल, सगळ्या जुन्या भीती एकदम परत आल्या. डाव्या कप्प्यात दवाखान्याचा निळा टॉवेल होता. आत कात्री, आणि तिच्या टोकाला जाड बँडेज. कुणाला टोचू नये म्हणून.

"तुमचीच?"

"माझीच."

बाईंनी कात्री उलटसुलट पाहिली आणि परत टॉवेलात गुंडाळली. "सामानात चालते. हातातल्या पिशवीत असती तर काढून घेतली असती." मग त्यांनी सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं. "आता परत विचारते. खरं सांगा. बॅग कुणी भरली?"

तिने टॉवेल कोटाखाली नीट बसवला, चेन ओढली. आज ती अडकली नाही.

"आम्ही दोघांनी."

"आत काय आहे ते ठाऊक आहे?"

"आत्ता कळलं," ती म्हणाली.

जांभळी पट्ट्यावरून डुलत आत गेली. तिने बाजूला होऊन दाखल्यावर छापलेल्या दवाखान्याच्या नंबरावर फोन लावला. पहिल्याच घंटेला तो उचलला गेला, मागे कुणीतरी भुंकत होतं.

"वजन किती भरलं?" त्याने घाईने विचारलं.

"तेवीस."

"आणि... परवानगी?"

"येताना जाड मोजे घेऊन ये," ती म्हणाली. "आणि कोट. तिकडे थंडी असते. आणि ते शिवणाचं पुस्तक आईकडून आण, इस्त्रीही आण, ती मीच टाकली होती, आईने नाही. आणि गरम पाण्याची दुसरी पिशवी..."

"अगं," तो हसायला लागला, "तेवीसच्या वर जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली.