कुइक्काचा पितळी पंखा

वडिलांच्या होडीला पाण्यात पुढे ढकलणारा मूळ पितळी पंखा मॅग्नस बेटावरच्या जुन्या शेडमधून परत आणायचा, एवढ्याच कामासाठी टाउनो लेहतिमाकी सप्टेंबरातल्या त्या सकाळी कॅनडातल्या रॉसपोर्टच्या धक्क्यावरून निघाला. शनिवारी जुन्या होड्यांची शर्यत होती. शर्यतीआधी परीक्षक प्रत्येक होडीचे जुने भाग तपासून गुण देत. मूळ पंखा दाखवला की ते गुण खिशात! पळायचं मात्र नव्याच पंख्यावर, हे टाउनोनं मनाशी पक्कं केलं होतं. जुना नुसता दाखवण्यापुरता.

होडीचं नाव 'कुइक्का'. पाण्यात बुड्या मारणाऱ्या एका पक्ष्याचं हे फिनिश नाव. "होडीला बुडणाऱ्याचं नाव ठेवणारा आपला बापच एकटा," असं टाउनोची थोरली बहीण सिर्क्का नेहमी म्हणे. बाप या होडीतून सुपीरियर सरोवरातल्या बेटांवर टपाल न्यायचा, औषधं न्यायचा, वेळेला अडलेल्या बाईलाही घेऊन यायचा. तो गेल्यावर होडी कुणाच्या तरी गोठ्यात उंदरांची घरटी सांभाळत पडून होती. भावंडांनी दोन हिवाळे खपून तिला उभी केली. कुजक्या फळ्या काढल्या, ओकच्या पट्ट्या वाफेवर वाकवून नव्या फासळ्या बसवल्या, तांबूस महोगनीवर वॉर्निशचे थरावर थर चढवले. इथवर दोघांचं जमलं. भांडण पेटलं ते इंजिनावरून.

टाउनोनं आठ सिलिंडरचं इंजिन आणलं. त्यावर दोन कार्ब्युरेटर चढवले, त्यांना हवा मिळावी म्हणून इंजिनाच्या झाकणाला भलं मोठं भोक पाडलं, आणि मागे दोन पात्यांचा पातळ, शर्यतीचा पंखा लावला.

"आणि पाच माणसं बसली तर?" सिर्क्का विचारायची.

"कशाला बसतील? होडी आहे, बस नव्हे."

"बाबा सहा जण आणायचे."

"बाबा रांगत आणायचे!"

शेवटी तिनं दोनच गोष्टी मागितल्या: नांगर आणि पाणी उपसायचा विजेचा पंप. पंप तर तिनं स्वतः होडीच्या तळाशी उताणी पडून बसवला. टाउनोनं मान डोलावली. पण आदल्या संध्याकाळी क्लबची मंडळी होडीची चाल बघायला आली, तेव्हा वजन कमी करायला त्यानं गुपचूप पंप काढला, त्याची जड बॅटरी काढली, साखळीसकट नांगर काढला आणि सगळं घरच्या शेडमध्ये फळीखाली सारून ठेवलं. कुइक्का पाण्यावरून अशी सुटली की लोकांनी टोप्या उडवल्या! सकाळी परत बसवू, असं तो मनाशी म्हणाला होता. पण सकाळी आभाळ निरभ्र होतं, म्हणून ते राहूनच गेलं.

"पंप आहे ना जागेवर?" धक्का सोडताना सिर्क्कानं विचारलं.

"आहे की," टाउनो म्हणाला, आणि त्यानं इंजिनाचा आवाज वाढवला.

तिसरा होता विल्फ्रेड, टाउनोचा मित्र, तिथल्या ओजिब्वे आदिवासींपैकी. मॅग्नस बेटावरच्या कोळ्यांच्या तळावर त्याचं लहानपण गेलं होतं, तिथला खडक न् खडक त्याला ठाऊक. तो पुढे बसून धुरावर सुकवलेला मासा चघळत होता. कुइक्का नाळ, म्हणजे पुढचं टोक, उचलून पाण्यावर चढली आणि नुसती सणसणत निघाली. दोन्ही बाजूंना काळे कडे, त्यांवर वाऱ्यानं वाकलेले देवदार, आणि मधे काचेसारखं थंडगार पाणी. एरवी टाउनो अशा वेळी गाणं म्हणायचा. आज त्याचं लक्ष सारखं तळाच्या फळकुटांकडे जात होतं. सिर्क्का खुशीत मागे वळून फेसाच्या रेघेकडे बघत होती. "मान्य, टाउनो! पळते छान," ती ओरडली. त्यानं ऐकू न आल्यासारखं केलं.

बेट जवळ आलं तसं धुकं आलं. एकदम! भिंतच जणू.

"हळू कर," विल्फ्रेड म्हणाला.

"हळू केली की हिचं पुढचं टोक वर होतं, काही दिसत नाही."

"तरी हळू कर, टाउनो! डावीकडे खड..."

खाडकन आवाज झाला. सुकाणू हातातून निसटलं. होडी खडकाला घासून पुढे सरकली आणि मागून घरघर, थरथर सुरू झाली. पंख्याचं एक पातं वाकलं होतं. तळाची एक फळीही पिचली होती, पण ते अजून कुणाला कळलं नव्हतं. बापाचं होकायंत्र आणि विल्फ्रेडचे कान यांच्या भरवशावर ते रांगत रांगत बेटाला लागले.

कोळ्यांचा तळ कधीच ओस पडला होता. पण एका झोपडीच्या धुराड्यातून धूर निघत होता!

दार उघडलं ते एका बाईनं. गुद्रुन तिचं नाव. आत फळकुटावर तिचा नवरा, नॉर्वाल्ड नावाचा म्हातारा कोळी, तापानं फणफणत पडला होता. जाळं ओढायच्या रहाटात त्याचा हात चिरडला होता, आणि परवाच्या वादळात त्यांची होडी खडकावर फुटली होती. हाताला गुंडाळलेल्या फडक्याला वास येत होता.

"उगाच तुम्हाला त्रास," नॉर्वाल्ड पुटपुटला. "तुम्ही आपल्या कामाला आलेले."

टाउनोची नजर खाली गेली. आपलं काम काय, हे त्याला सांगवेना.

विल्फ्रेडनं बाहेर जाऊन आभाळ बघितलं. धुकं फाटत होतं, वायव्येकडून वारा उठत होता. "आत्ता निघालो तर निघालो. हा वारा एकदा धरला की चार-सहा दिवस सोडत नाही. तेवढ्यात याचा हात जाईल. कदाचित तोही."

पाचही जण बसले. टाउनोनं इंजिनाला जोर दिला. इंजिन किंचाळलं, पंखा पाण्यात नुसता घुसळत राहिला, होडीची शेपूट खाली गेली आणि एक लाट सरळ आत आली! पुन्हा प्रयत्न. पुन्हा तेच. शर्यतीची होडी गाभण म्हशीसारखी बसून राहिली. मुकाट्यानं त्यांनी ती मागे किनाऱ्याला आणली.

"इथल्या शेडमध्ये बाबांचा पंखा आहे," सिर्क्का म्हणाली. एवढंच. तिनं टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

तीन रुंद पात्यांचा तो पंखा जाळ्यांच्या ढिगाखाली सापडला, हिरवा पडलेला, पण धड. विल्फ्रेडनं कुऱ्हाडीनं ओंडके तोडले. होडीची मागची बाजू त्यांवर चढवली, तरी पंख्याचा दांडा पाण्यातच राहिला. टाउनो छातीभर पाण्यात उतरला. त्या पाण्यात माणसाची बोटं बघता बघता लाकडं होतात. नट सुटेना. त्यानं पान्यावर लाथ घातली. एकदा! दोनदा! सुटला! वाकडा पंखा दगडांत पडला. जुना पंखा दांड्यावर चपखल बसला. इंजिन बदललं तरी दांडा बापाचाच होता.

तेवढ्यात वरून सिर्क्काचा आवाज आला. "पाणी साचलंय रे आत. फळी गळतेय. पंप चालू करते."

टाउनोचे हात पाण्यातच थांबले.

फळकुटं उचलल्याचा आवाज झाला. तो होडीच्या काठावरून आत डोकावला. सिर्क्का गुडघ्यांवर बसली होती. तळाशी स्क्रूची चार रिकामी भोकं होती, आणि तिचं बोट त्यातल्या एकावर होतं.

"काल काढला," तो म्हणाला. "नांगरही. क्लबचे लोक बघत होते म्हणून."

"मी सकाळी विचारलं होतं तुला."

"हो."

"तू 'आहे की' म्हणालास."

विल्फ्रेडनं तोंड वळवून सरोवराकडे बघितलं. गुद्रुननं मात्र झोपडीतून पातेलं आणि बादली आणली, जणू सगळ्याच होड्यांतलं पाणी असंच उपसतात. "चला, मी आहे उपसायला," ती म्हणाली. थंडीनं टाउनोचं अंग कापत होतं, पण कानशिलं तापली होती. बर्फाच्या पाण्यात पुरतं बुडून जावं, असं त्याला वाटलं.

"सुकाणू तू घे," तो बहिणीला म्हणाला.

"घेणारच होते," ती म्हणाली.

बेटाच्या आडोशातून बाहेर पडताच लाटांनी त्यांना धरलं. आता सणसणाट नव्हता. पितळी पंखा पाणी घट्ट पकडत होता, होडी नेटानं, जडपणे, एकेक लाट चढत होती. चढायची. थबकायची. आपटायची! गुद्रुन आणि विल्फ्रेड पाणी उपसत होते, नॉर्वाल्ड पुढच्या छताखाली दात आवळून पडला होता. मधेच एक उंच लाट फुटली आणि इंजिनाच्या झाकणावर कोसळली. भोकातून पाणी आत गेलं. इंजिन ठसकलं. एक ठोका चुकला. दोन. नाळ वाऱ्यानं वळू लागली.

"टाउनो!" सिर्क्का ओरडली. "आडवे झालो तर संपलो!"

आणि नांगर नव्हता.

टाउनोनं आपला जाड कोट भोकावर तंबूसारखा ताणला. हवेपुरती एका बाजूनं फट ठेवली आणि लाटांकडे पाठ करून तो त्यावर पालथा पडला. इंजिन खोकलं, आचके दिले, आणि पुन्हा धरलं! खालून तापलेलं लोखंड छातीला भाजत होतं, वरून गोठवणाऱ्या लाटा पाठीवर आदळत होत्या. प्रत्येक लाटेसरशी तो झाकणाला आणखी घट्ट मिठी मारी. डोळ्यांसमोर पातेल्यानं पाणी उपसणारे गुद्रुनचे लाल हात होते. भरायचं, फेकायचं. भरायचं, फेकायचं. ती एकदाही थांबली नाही. छातीच्या चटक्यांपेक्षा ते हात त्याला सहन होईनात. पण त्यानं डोळे मिटले नाहीत.

उन्हं कलली तेव्हा रॉसपोर्टच्या टेकड्या दिसल्या.

धक्क्यावर गर्दी जमली होती. नॉर्वाल्डला गाडीत घातलं. क्लबच्या अध्यक्षानं टाउनोच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास, पठ्ठ्या! काय होडी केलीस! शनिवारी पहिला नंबर तुझाच!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुद्रुननं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "तुमच्यामुळे वाचला हो हा."

सिर्क्का दोर बांधत होती. तिनं वर बघितलं नाही. पंपाबद्दल ती कुणाला सांगणार नाही, हे टाउनोला कळलं, आणि त्याला टाळ्या ऐकवेनात.

"बाई," तो मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "होडीत पंप होता. तो मी काढला, जोरात पळावी म्हणून. नांगरही काढला, आणि बहिणीला खोटं सांगितलं. तुम्ही दिवसभर हातानं पाणी उपसलंत ते माझ्यामुळे."

टाळ्या थांबल्या. गुद्रुननं त्याचा हात सोडला. ती त्याच्याकडे बघत राहिली. रागानं नव्हे, दमलेल्या माणसासारखी. मग म्हणाली, "आमची जाळी अजून बेटावरच आहेत. हंगाम चाललाय." आणि ती नवऱ्याच्या गाडीत जाऊन बसली.

वारा शुक्रवारी रात्री पडला. नॉर्वाल्डचा हात राहिला, दोन बोटं गेली. शनिवारी सकाळी शर्यतीच्या होड्या झेंड्यांपाशी ओळीनं गुरगुरत उभ्या होत्या. त्यांच्या समोरून कुइक्का उलट्या दिशेला, बेटाकडे निघाली. फळी नवी, पंप आणि नांगर जागेवर, इंजिनावर अखंड झाकण, एक कार्ब्युरेटर उतरवलेला, आणि मधे जाळ्यांसाठी रिकाम्या पेट्यांची चळत. किनाऱ्यावरून कुणीतरी शीळ घातली, कुणीतरी हसलं. "मासे भरायला चालला वाटतं!"

टाउनोची मान खालीच होती. तीन दिवसांत सिर्क्का त्याच्याशी कामापलीकडे बोलली नव्हती. आत्ताही तिनं सुकाणूवरचा हात काढला नाही.

"मान वर कर," ती म्हणाली. "मला पुढचे खडक बघायला माणूस हवाय."

टाउनो उठला, पेट्या ओलांडून नाळेशी जाऊन उभा राहिला, आणि पाण्याकडे बघू लागला.