उजवी फळी

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, यातला एकही शब्द पदरचा नाही. जिच्या अंगावर हे बेतलं, ती मुलगी आज हयात आहे.

२००४ चा मे महिना. वर्ध्याजवळचं पिपरी मेघे. भर दुपार.

मी चित्रकलेचा निवृत्त मास्तर. भाचा भूपेंद्र आमच्याकडे राहून कॉम्प्युटर गेमसाठी मॉडेल बनवायचा. त्यावरचं रंगकाम त्याला मीच शिकवलं.

गेममधलं दार म्हणजे साधा ठोकळा. त्याला जास्त कोन दिले की कॉम्प्युटर अडखळतो. मग खाच दाखवायची कशी? वरच्या कडेला काळा रंग, खालच्या कडेला उजळ. सपाट जागा खोल दिसू लागते.

भूपेंद्रला भुताच्या गेमसाठी कुऱ्हाडीचे घाव असलेलं दार हवं होतं.

तसं दार सिंदी मेघेत होतं. अनुसयाबाईंचं. त्यांचे यजमान डोमाजी यांना सख्ख्या भावाने, रूपरावने, त्याच दारात तोडलं होतं. दार दोन फळ्यांचं. डावी फळी घावांनी भरलेली. उजवी कोरी.

"काढ बापू फोटो," अनुसयाबाई भूपेंद्रला म्हणाल्या. "लाकडाले काय दुखते?"

त्यांची मुलगी सखू माझी विद्यार्थिनी. बाप गेला तेव्हा लहान होती, आता कॉलेजात. आपलं दार कॉम्प्युटरवर कसं दिसतं, ते पाहायला त्या दुपारी ती आली.

"अगं माय! आमच्या दारापेक्षा हेच जुनं दिसते," ती हसली.

"हात लावून पाह्य, सपाट आहे," भूपेंद्र फुशारला. "मामाजीची करामत."

मग तिचं हसू थांबलं...

"उजव्या फळीवर घाव काऊन हायेत?"

"अर्ध्याच दाराचा फोटो घेतला. दुसरी बाजू तीच, उलटून चिकटवली. मेमरी वाचते. सगळेच करतात," भूपेंद्र म्हणाला.

"पुस ते."

"काऊन पण?"

"त्या फळीमांगं मी लपली होती."

हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

पंखा थांबला. वीज मात्र होती...

खट्.

लाकडात कुऱ्हाड बसावी तसा आवाज. मी स्पीकरकडे पाहिलं. त्याची वायर टेबलावर सुटी पडली होती.

सखू खाली कोसळली. खांद्यातून रक्त उसळलं. ओढणी फाटली नव्हती. आतलं मांस मात्र उघडं पडलं होतं.

खट्.

दंड.

भूपेंद्रने घाबरून बटण दाबलं. पडदा काळा झाला.

खट्...

आता दार दिसत नव्हतं. घाव पडतच होते.

"चालू कर!" मी ओरडलो. "पुसायचं आहे!"

कॉम्प्युटर आपल्या सवडीने जागा होत होता. सखू फरशीवर तडफडत होती. भूपेंद्र तिच्यावर आडवा पडला. पुढचा घाव त्याच्या आरपार गेला. त्याला ओरखडाही नाही. तिच्या पाठीचं हाड दिसलं.

फाइल उघडली. मी माउस धरला. फळीच्या खालच्या कोपऱ्यातलं कोरं लाकूड उचलायचं, घावावर ठेवायचं, कडा मिसळायच्या. जन्मभर पोरांना सांगत आलो, घाई केली की काम बिघडतं. तेच स्वतःला सांगत होतो. मागे तिचा घसा घरघरत होता.

एक घाव बुजला. दुसरा. तिसरा.

शेवटचा उरला. तो मानेच्या उंचीवर होता.

हवेतून काहीतरी खाली येत असल्याचा आवाज झाला...

मी कोरं लाकूड त्यावर ठेवलं.

आवाज मध्येच तुटला.

सखू वाचली. एक हात मात्र अजून वर जात नाही. दवाखान्यात आणि पोलिसांना आम्ही काय सांगितलं, ते इथे लिहीत नाही. शुद्धीवर आल्यावर तिने मला जवळ बोलावलं.

"सर, तो रूपकाका नोयता."

"तुला दिसला?"

"तोंड त्याचंच. पण भांग उलट्या बाजूले. अन् कुऱ्हाड डाव्या हातात."

रूपराव उजव्या हाताचा. तेव्हा तो तुरुंगातच होता. मी दुसऱ्याच दिवशी चौकशी केली.

भूपेंद्रने ते मॉडेल मोडून टाकलं. डिस्क जाळली. पण मला झोप लागत नाही. घाव मी पुसले... ते घालणारा आमच्या हातून तयार झाला, त्याला कुठून पुसू?

सखू आता सिंदी रेल्वे या गावी नांदते. नवं घर, लोखंडी दार. परवा दुपारी तिचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"सर, घरी मी एकलीच आहो. कोणी तरी दार ठोकून राह्यलं."

"उघडजो नको. शेजारचं कोणी असेल, हाक मारेल."

तिचा आवाज आणखी खाली गेला.

"हातानं नाई ठोकत, सर."